पायाखालची थरथर आणि कामगाराचे पाय



यंदा इतिहासावर बोलावे असे चालकांनी सुचविले, आणि आम्ही निवडलेला विषय ऐकून त्यांना थोडे नवल वाटले. पायाखालची जमीन थरथरली म्हणजे माणसाच्या नडगीचे काय होते आणि त्या नडगीला धरून असलेले स्नायू काय करतात, हा विषय वैद्यकाचा, इतिहासाचा नव्हे, असे कोणीही म्हणेल. परंतु ज्ञानालाही इतिहास असतो. ते आधी कोणाच्या तरी अंगावरून जाते आणि मग ग्रंथात शिरते. या ज्ञानाचा प्रवास आगगाडीच्या इंजिनावर सुरू होतो, पॅरिसच्या इस्पितळातून व स्वीडनच्या प्रयोगशाळेतून पुढे जातो आणि आपल्या बोईसरच्या कारखान्यांत येऊन अडतो. तो का अडतो, हे सांगण्यासाठी आजचा हा प्रपंच. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, मोजून दिलेली थरथर जगात औषध म्हणून विकली जाते, आणि तीच थरथर न मोजता पाळीभर सोसावी लागली तर तिचा आजार होतो. म्हणून मोजमाप कोण करतो आणि कोणासाठी करतो, हा या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

इ. स. १८५७ साली फ्रान्समध्ये द्यूशेन नावाच्या वैद्याने आगगाडीच्या इंजिनावर काम करणाऱ्यांच्या प्रकृतीविषयी एक पुस्तक लिहिले. त्या काळचे इंजिन म्हणजे चाकांवर ठेवलेली भट्टीच. चालक आणि कोळसा टाकणारा, दोघेही लोखंडी पत्र्यावर उभे राहून तासन्‌तास जात, आणि रुळाचा प्रत्येक सांधा त्यांच्या टाचेतून वर चढे. या लोकांना सतत ठणका लागतो, अशक्तपणा येतो, अंग बधिर होते, अशी नोंद द्यूशेनने केली आणि त्याचे कारण म्हणून इंजिनाच्या अखंड थरथरीकडे बोट दाखविले. पाच वर्षांनी, १८६२ साली, लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राने आगगाडीच्या प्रवासाचा प्रकृतीवर होणारा परिणाम तपासला. गाडीच्या बारीक धक्क्यांना तोंड देताना प्रवाशाचे स्नायू त्याच्या नकळत सारखे राबत असतात आणि म्हणून माणूस बसल्या जागी थकतो, असा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. थरथर आणि स्नायू यांची सांगड वैद्यकात घातली गेली ती अशी, कामगाराच्या आणि प्रवाशाच्या तक्रारीतून.

याच सुमारास आपल्या दारावरून रूळ जात होते. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ साली मुंबईला पोचला आणि पालघर, बोईसर, डहाणू ही नावे त्या मार्गावर आली. २०१३ च्या एप्रिलपासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली. त्या गाडीत रोज उभे राहून जाणारा अनुभवी माणूस गुडघे ताठ ठेवीत नाही, किंचित सैल सोडतो. गुडघे ताठ असले तर धक्का नडगीतून मांडीच्या हाडात, तेथून कण्यात आणि डोक्यापर्यंत सरळ जातो. गुडघे वाकवले तर तो वाटेत मुरतो, पण मुरवण्याचे काम पोटरी आणि मांडी यांना करावे लागते. डोके वाचवायचे तर पायांनी कष्ट करायचे, हा हिशेब शरीर आपणहून मांडते.

हे शरीर करते कसे, हे समजायला १८७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जर्मनीत विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोघांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, गुडघ्याच्या वाटीखालच्या बंधावर हलका ठोका मारला असता पाय आपोआप उडतो, ही गोष्ट प्रसिद्ध केली. आज प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर त्यासाठी रबरी हातोडी असते. यामागचे यंत्र असे. स्नायूच्या तंतूंमध्ये अगदी बारीक, दोन्ही टोकांना निमुळती अशी इंद्रिये असतात. त्यांचा आकार सूतगिरणीतल्या चातीसारखा, म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांना नावही चातीचेच दिले. स्नायू ताणला की चातीला ते कळते, ती मज्जारज्जूला खबर धाडते आणि मज्जारज्जू तिथल्या तिथे उलट हुकूम सोडतो: आवळ. मेंदूला विचारण्याची गरज पडत नाही. आपण उभे राहतो ते या व्यवस्थेच्या आधारावर. पाय जरा कलला की पोटरी स्वतःहून आवळते. इंग्लंडातील शेरिंग्टन आणि लिडेल यांनी १९२४ साली ताणाच्या या प्रतिक्षेपाचे शास्त्र पक्के केले.

आता श्रोत्यांनी एवढीच कल्पना करावी की, हातोडीचा ठोका एकदा न पडता सेकंदाला पन्नास किंवा शंभर वेळा, अगदी हलका, पडतो आहे. थरथर म्हणजे हेच. प्रत्येक ठोक्याला चाती खबर देत राहते आणि स्नायू आवळण्याचे हुकूम सुटत राहतात.

परंतु शास्त्राने ही गोष्ट सिद्ध करण्यापूर्वीच वैद्यांनी थरथरीचे औषध करून पाहिले होते. पॅरिसचा विख्यात मज्जातंतुतज्ज्ञ शार्को याच्याकडे कंपवाताचे रोगी येत. लांबच्या आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या प्रवासानंतर आपल्याला बरे वाटते, असे ते सांगत. शार्कोने रोग्यांचे म्हणणे हसण्यावारी नेले नाही. त्याने हादरे देणारी एक खुर्ची करवली आणि १८९२ साली या उपचारावर व्याख्यान दिले. पुढच्याच वर्षी तो वारला आणि खुर्ची मागे पडली. २०१२ साली अमेरिकेतल्या वैद्यांनी तो प्रयोग नव्याने केला. काही रोग्यांना थरथर दिली, काहींना नुसता तिचा आवाज ऐकवला. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, म्हणजे तो गुण थरथरीचा म्हणता येईना. इंजिनावर उभा राहणारा चालक आणि गाडीत बसणारा रोगी, दोघांचा अनुभव एकाच शतकातला. पहिल्याला दुखणे मिळाले, दुसऱ्याला आराम वाटला. फरक होता तो वेळेचा, जोराचा आणि आपल्या इच्छेने उतरून जाता येण्याचा.

निर्णायक वर्ष म्हणजे १९६६. स्वीडनमधील उप्साला येथे कार्ल-एरिक हागबार्थ आणि योरान एक्लुंड यांनी, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे जेम्स लान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी, माणसाच्या स्नायूवर व त्याच्या बंधावर लहानसे कंपनयंत्र लावून काय होते ते पाहिले. सेकंदाला शंभराच्या आसपास कंपने दिली असता तो स्नायू काही सेकंदांत हळूहळू, माणसाची इच्छा नसताना, आवळत जातो आणि यंत्र चालू असेपर्यंत आवळलेला राहतो. त्याच्या विरुद्ध बाजूचा स्नायू सैल पडतो. आणखी एक गोष्ट दिसली. थरथर चालू असताना हातोडीच्या ठोक्याला मिळणारे उत्तर मात्र मंदावते. म्हणजे एकीकडे स्नायू विनाकारण कामाला जुंपला जातो आणि दुसरीकडे अचानक धक्क्याला सावरण्याची त्याची तत्परता उणावते. पुढे एक्लुंडने उभ्या माणसाच्या पोटऱ्यांना कंपने दिली, तेव्हा माणूस मागे झुकू लागला. पोटरी ताणली गेली आहे, अर्थात आपण पुढे कलत आहोत, अशी खोटी खबर मज्जारज्जूला आणि मेंदूला पोचते आणि शरीर न झालेली चूक दुरुस्त करू पाहते.

येथे कोणी विचारील की यात हाडाचा संबंध काय? तो असा. मधुमेहाच्या रोग्याच्या घोट्याच्या हाडावर डॉक्टर एक चिमट्यासारखा लोखंडी काटा वाजवून टेकवतात. तो काटा सेकंदाला १२८ वेळा कापत असतो आणि ती झिणझिण कळते की नाही, असे विचारतात. काटा हाडावरच ठेवतात, कारण हाड कडक असते आणि कंपन दूरवर नेते. मांस कंपन गिळून टाकते. कारखान्यातल्या फरशीचे कंपन टाचेच्या हाडात शिरले की ते नडगीतून वर जाते, आणि नडगीला लागून असलेल्या सर्वच स्नायूंना एकदम पोचते. प्रयोगशाळेतले यंत्र एका स्नायूला हलवते. जमीन सगळ्या पायाला हलवते.

शिवाय स्नायूला आणखी एक काम असते. कॅनडातील कॅल्गरी येथे वेकलिंग, निग आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखविले की, पायाचे मांस ज्या वेगाने आपोआप डोलू लागते त्या वेगाजवळचे कंपन आले म्हणजे स्नायू अधिक आवळतात आणि ते डोलणे दाबून टाकतात. सतारीची तार कापू लागली की आपण तिच्यावर बोट ठेवतो, तसे. हे बोट तासभर ठेवा म्हटले तर बोट दुखणारच. तुर्कस्तानात इल्हान काराजान व सहकाऱ्यांनी याहून पुढचा विचार मांडला आहे. हाडावर पडणारा ताण हाडातल्या पेशींनाच कळतो, आणि तेथूनही मज्जारज्जूमार्गे स्नायूंना हुकूम जातो, असे त्यांचे प्रतिपादन. खबर चातीकडून जाते की हाडाकडून, हा वाद शास्त्रज्ञ खबर पोचायला लागणाऱ्या वेळेच्या सूक्ष्म मोजमापावरून लढवीत आहेत. आपल्याला त्यातून एवढे घ्यावयाचे की, स्थिर उभा दिसणारा माणूस थरथरत्या जमिनीवर स्थिर नसतो. त्याचे पाय काम करीत असतात आणि त्या कामाची नोंद कोणत्याही हजेरीपत्रकात होत नाही.

औषधाची बाजूही सांगितली पाहिजे. सोव्हिएत संघात व्लादिमीर नाझारोव्ह याने खेळाडूंच्या तयारीसाठी कंपनांचा उपयोग केला, आणि पुढे इटलीत बोस्को याने. २००१ साली अमेरिकेतील क्लिंटन रुबिन व सहकाऱ्यांचा प्रयोग गाजला. मेंढ्यांना रोज २० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस, वर्षभर, सेकंदाला ३० कंपने देणाऱ्या हलक्या फळीवर मागच्या पायांनी उभे केले, तेव्हा त्यांच्या मांडीच्या हाडातील जाळीदार भागाची घनता इतर मेंढ्यांच्या मानाने सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक भरली. यावरून शहरोशहरी व्यायामशाळांत थरथरत्या फळ्या आल्या. माणसांच्या बाबतीत निकाल इतके सोपे निघाले नाहीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक परीक्षेत वृद्धांनी दोन वर्षे रोज १० मिनिटे हलकी थरथर घेतली, तरी हाडाची घनता वाढली नाही. पण मेंढ्यांच्या प्रयोगातला हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २० मिनिटे म्हणजे आठ तासांच्या पाळीचा चोविसावा भाग. वेग ठरलेला, जोर ठरलेला, वेळ ठरलेली. मेंढीसाठी हे सर्व मोजले गेले.

आता आपल्या गावाकडे वळू. तारापूरची औद्योगिक वसाहत नावाने तारापूरची असली तरी वसली आहे बोईसरला. तेथे रसायने व औषधे बनतात, लोखंड वितळते आणि कापड विणले जाते. जुन्या धोट्याच्या साच्यावर धोटा मिनिटाला दीडशेच्या आसपास फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीला धोट्याचा तडाखा आणि फणीचा ठोका. सेकंदाला अडीच ठोके म्हणजे फार नव्हेत, असे वाटेल. पण घंटेला एक टोला मारला तरी ती पुष्कळ वेळ आणि पुष्कळ जलद कापत राहते, तशी प्रत्येक ठोक्याने फरशी आपल्या स्वतःच्या वेगाने झणझणते. आणि एका खात्यात साचे अनेक असतात. साचेवाला बसत नाही. तो एका साच्यावरून दुसऱ्यावर फिरतो किंवा उभा राहतो. याखेरीज जिल्ह्यात दगडाच्या खाणी आहेत, खडी फोडणारी यंत्रे आहेत, रस्त्यावर ब्रेकर चालवणारे मजूर आहेत, आणि सातपाटीसारख्या बंदरांतून इंजिनाच्या होडीवर उभे राहणारे मच्छीमार बांधव आहेत. साच्यावरचे कामगार सांगतात की, पाळी सुटल्यावर घरी आले तरी पायांत साचा चालूच असतो, आणि जिना उतरताना पाऊल नीट पडत नाही. पोटरीची आणि चातीची जी हकीकत वर सांगितली, तिच्या उजेडात हे बोलणे तंतोतंत कळण्यासारखे आहे.

पण हे बोलणे लिहिले कुठे जाते? आमच्या माहितीतल्या एका कारखान्यात कामगारांची वार्षिक तपासणी झाली. पत्रकात फुप्फुसे, डोळे, कान, रक्तदाब यांची घरे होती. पायांसाठी घर नव्हते. डॉक्टर चांगले होते. त्यांनी तक्रार ऐकली आणि विश्रांती घ्या म्हणून सांगितले. लिहायला जागाच नव्हती, तेव्हा ते तरी काय करणार!

हातांचे नशीब याहून बरे निघाले. १९१८ साली अमेरिकेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या विदुषीने इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे हवेच्या दाबाने चालणाऱ्या हातोड्यांनी दगड घडवणाऱ्या कारागिरांची तपासणी केली. थंडीत त्यांची बोटे पांढरीफटक व बधिर पडत. हा रोग पुढे जगभर ओळखला गेला आणि ब्रिटनमध्ये १९८५ साली नुकसानभरपाईच्या यादीत आला. पायांची पाळी फार उशिरा आली. स्वीडनच्या खाणकामगारांच्या पायांची बोटेही तशीच पांढरी पडतात, हे १९८९ साली नोंदले गेले. कॅनडातही २०१० साली, कंपणाऱ्या मंचावर उभे राहून छिद्रे पाडणाऱ्या एका खाणकामगाराची अशीच हकीकत प्रसिद्ध झाली. हात दिसतात, बूट घातलेले पाय दिसत नाहीत.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ साली हवा, आवाज आणि कंपन यांविषयीचा १४८ क्रमांकाचा करार केला. भारताने तो मान्य केलेला नाही. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवणे बंधनकारक असलेल्या २९ रोगांची यादी होती. तीत शिसे आहे, सिलिकोसिस आहे, कापसाच्या धुळीचा रोग आहे, आवाजाने येणारे बहिरेपण आहे; कंपनाचा रोग नाही. २०२० साली संसदेने नवी संहिता मंजूर केली, तीतही मुख्यतः हीच यादी पुढे चालवली. ज्या यंत्राचा आवाज कानात शिरतो त्याच यंत्राची थरथर पायात शिरते. कायद्याने कान ऐकला, पाय ऐकला नाही.

तरीही कामगाराच्या पायांचे रक्षण आपल्याकडे झालेच नाही, असे नव्हे. ते झाले घड्याळाच्या वाटेने. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली, आणि १८९० साली रविवारची सुटी मिळाली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला, १९२२ ने ११ वर, १९३४ ने १० वर, १९४८ ने ९ वर आणि आठवडा ४८ तासांवर. यांपैकी एकाही कायद्याच्या मनात कंपन नव्हते. पण कमी झालेला प्रत्येक तास हा थरथरीतूनही सुटलेला तास होता. लोखंड्यांच्या मागणीतला तो अर्धा तास आजच्या शास्त्राच्या भाषेत उपचारच ठरतो, कारण विश्रांतीत चाती शांत होते आणि बधिर झालेला तळवा पुन्हा जमीन ओळखू लागतो.

युरोपात २००२ पासून एक नियम आहे. आठ तासांच्या दिवसासाठी सर्वांगाला पोचणाऱ्या कंपनाचा प्रवेग सेकंद-वर्गाला ०.५ मीटरवर गेला की मालकाने उपाययोजना सुरू केली पाहिजे, आणि १.१५ ही कमाल मर्यादा. या नियमाचे गणित सर्वांनी पाठ करावे असे आहे. थरथर दुप्पट झाली तर कामाची मुभा अर्धी होत नाही, पावच राहते. ज्या जमिनीवर आठ तास चालेल, तिची थरथर दुप्पट झाली तर तेथे दोनच तास. उलट बाजूने पाहिले तर पाळी आठाची बारा तासांची झाली, यंत्र तेच राहिले, तरी दिवसाचा हिशेबी मारा सुमारे २२ टक्क्यांनी चढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे तास, जादा कामाचा मोबदला, कामगाराची संमती यांवर पुष्कळ चर्चा झाली. पायांवर झाली नाही, आणि ती व्हावी म्हणून आम्ही हा सगळा इतिहास येथे मांडला.

उपाय महागडे नाहीत. सैल झालेले बोल्ट आवळणे, झिजलेले भाग बदलणे, साच्याखाली योग्य ते गादे व वेगळा पाया देणे, म्हणजे थरथर उगमाशीच अडते. पायाखाली पातळ रबरी चटई अंथरून भागत नाही. मंद गतीची थरथर तिला जुमानत नाही. कामाची आलटापालट करावी, मधली सुटी खरोखर बसून घेता यावी, आणि वार्षिक तपासणीच्या पत्रकात पायांचे एक घर असावे. मोजण्याची साधने उपलब्ध आहेत. आपल्या खिशातल्या फोनमध्येही कंपन टिपणारा बारीक भाग असतो. त्याचा आकडा कोर्टात चालणार नाही, पण कोणत्या खात्यात आधी तज्ज्ञ बोलवावा हे ठरवायला तो उपयोगी पडेल.

येथे जमलेल्यांपैकी पुष्कळ जण कारखान्यात जात नाहीत, हे आम्ही जाणतो. पण आपल्या घरात, शेजारात, डहाणूच्या गाडीत असे पाय रोज भेटतात. पुढच्या वेळी कोणी म्हणाले की, बसलो तरी पाय थांबत नाहीत, तर वय झाले किंवा सवय होईल असे सांगून त्याला वाटेला लावू नये. कोणत्या यंत्रावर, किती तास, किती वर्षे, एवढे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर लिहून ठेवावे. १८५७ साली एका फ्रेंच वैद्याने इंजिनचालकांची कैफियत लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला बोलता आले. बोईसरच्या कामगारांची कैफियत लिहिण्याचे काम बाकी आहे, आणि ते आपल्यालाच करावयाचे आहे.